लेकी बोले, सुने लागे, शुभ सकाळ

आमच्या फॅमिली ग्रुपवर येतात ते सुविचार नसतातच मुळी, टोमणे असतात, फक्त मागे सूर्योदय आणि दवबिंदू लावलेले असतात एवढंच. पूर्वी लेकी बोले सुने लागे करायचं तर निदान लेक आणि सून दोघी घरात हजर लागायच्या, आता सकाळी साडेसहाला अंथरुणातूनच काम उरकतं.

मागे एकदा आत्याने टाकलं, "उसने घेताना माणूस जवळचा असतो, परत मागितले की तोच लांबचा होतो." खाली गुलाब, वाफाळता चहा, चमचमणारं शुभ सकाळ. आता धाकट्या काकांनी गाडी घेताना आत्याकडून पैसे घेतलेत हे अख्ख्या खानदानाला माहितीये. ग्रुपवर एकदम स्मशानशांतता, बघितलं मात्र सगळ्यांनी. मग काकांचं आलं, "दिलेलं मोजत बसणाऱ्याचं मन कधीच भरत नाही," मागे बर्फाचा डोंगर. खरी पंचाईत माझी. आत्याला अंगठा दिला तर काका रुसणार, काकांना दिला तर आत्याच्या चकल्या गेल्या. शेवटी दोघांनाही हात जोडले. ते जोडलेले हात फार सोयीचे आहेत बरं का, "अगदी पटलं" पासून "मला यात ओढू नका" पर्यंत काहीही अर्थ निघतो.

प्रेमाबद्दलचे तर त्याहून स्फोटक. मामेभावाच्या बायकोने लग्नाच्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी "अपेक्षाच ठेवली नाही की दुःख होत नाही" असं स्टेटस ठेवलं, तर तासाभरात मामीचा आईला फोन, "अहो वन्सं, हा विसरला की काय हो?" (विसरलाच होता.)

आणि या सगळ्याखाली सही कोणाची, तर पु. ल. नाहीतर व. पु. बिचारे दोघंही आता नाही म्हणायला येऊ शकत नाहीत. परवा काकांनी पाठवलं, "लास्ट सीन बघून माणूस कळत नाही, त्यासाठी मन बघावं लागतं - पु. ल. देशपांडे." मला राहवलं नाही, म्हटलं, अहो काका, पु. ल. 2000 साली गेले, व्हॉट्सअ‍ॅप आलं 2009 मध्ये, त्यांनी कोणाचं लास्ट सीन बघितलं? तर काका म्हणतात, "मोठी माणसं काळाच्या पुढेच असतात, तुला नाही कळायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच सूर्योदय, तेच लास्ट सीन, खाली नाव मात्र बदललेलं. चाणक्य.