शेजाऱ्याला न विचारता घेतलेला कौल

23 जून 2016 ला मी इंग्लंडमधल्या स्विंडन शहरात मतदान केलं. आमचं केंद्र एका चर्चच्या हॉलमध्ये होतं. बोटाला शाई नाही, यंत्र नाही. आडोशात दोरीने बांधलेली शिसपेन्सिल आणि कागदावर एकच प्रश्न: ब्रिटनने युरोपीय संघात राहावं की बाहेर पडावं? मी बाहेर पडण्यासमोर फुली मारली.

माझा पासपोर्ट भारतीय होता. राष्ट्रकुलातल्या देशांचे जे नागरिक इथे रीतसर राहत होते, त्यांना त्या दिवशी मत होतं. माझ्या भिंतीला भिंत लावून राहणारा शेजारी गोव्याचा, सासष्टीतला. वडिलांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला, त्या हक्काने त्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि इथे येऊन गोदामात रात्रपाळी धरली. स्विंडनमध्ये असे गोंयकार खूप आहेत. तो युरोपीय नागरिक, म्हणून त्याला मत नव्हतं. प्रश्न त्याच्या इथल्या राहण्याचाच होता, आणि उत्तर मात्र मला विचारलं गेलं. खरं सांगतो, त्या दिवशी हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

डोक्यात आई होती. बाबा गेल्यावर ती सावंतवाडीत एकटी पडली. तिला इकडे आणायचं तर 2012 मध्ये नियम इतके आवळले गेले की वकिलाने पहिल्याच भेटीत हात वर केले. त्याच वेळी पोलंडहून, रोमानियाहून माणसं सहज येत होती, शेजाऱ्याची सासू सहा-सहा महिने राहून जात होती. मला तो अन्याय वाटायचा. युरोपचं दार बंद झालं की आपल्या लोकांसाठी उघडेल, हे तेव्हा आमच्यात सर्रास बोललं जायचं. तेव्हाच्या ब्रिटिश मंत्री प्रीती पटेल तर सांगत होत्या की बाहेर पडलो तर उपखंडातून आचारी आणणं सोपं होईल आणि करी रेस्टॉरंटं वाचतील.

देशभरात 51.9 टक्के बाहेर पडण्याच्या बाजूने, आमच्या स्विंडनमध्ये जवळजवळ 55. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन तट पडले. काकांचं म्हणणं, इंग्रजांनी धाडस दाखवलं, आपल्या मुलखात आपली माणसं आधी, हे महाराष्ट्रात कधी होणार? मामेभावाचं म्हणणं, दीडशे वर्षं आमच्यावर राज्य केलंत, आता भोगा. मी दोघांनाही अंगठा दिला होता.

मग 2018 चा जानेवारी उजाडला आणि बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं. आमच्या सिंधुदुर्गात मोठा आजार म्हणजे बांबोळी. अपघात झाला, बाळंतपण अडलं, हार्ट अटॅक आला की गाडी गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवी नाक्यावरून थेट तिकडेच जाते. जिल्ह्यात आंदोलनं झाली. काकांनी ग्रुपवर लिहिलं, "आम्ही काय परके? आमच्या लेकी तिथे दिलेल्या, पोरं तिथे कामाला." अक्षर न् अक्षर बरोबर होतं. पण हेच वाक्य माझा शेजारी दीड वर्षं माझ्या कुंपणापलीकडून मला सांगत होता, आणि मी ते ऐकून घेतलं नव्हतं.

गोव्याचं उदाहरण आमच्याकडे निघतंच. 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळं राहणं. 34,021 मतांनी दोन पानं जिंकली, आणि सावंतवाडीत अजूनही म्हातारी माणसं त्याबद्दल हळहळतात. त्या वेळीही मुंबईतल्या गोंयकारांनी मत मागितलं होतं आणि त्यांना ते मिळालं नव्हतं. पण दयानंद बांदोडकरांनी कौलाआधी स्वतःचं सरकार सोडलं, विलीनीकरणाची लढाई हरले, निकाल मानला, आणि काही महिन्यांतच त्याच लोकांनी त्यांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. हरलेल्याला आणि जिंकलेल्याला दुसऱ्या दिवशी एकाच बाजारात उभं राहता आलं. इथे ब्रिटनमध्ये ते मला दिसलं नाही. माझ्या ऑफिसात दोन मित्र होते, एक संघात राहा म्हणणारा, एक बाहेर पडा म्हणणारा. 2017 पासून त्यांनी एकत्र जेवण सोडलं.

बाहेर पडा म्हणणाऱ्यांना मी द्वेष्टे म्हणणार नाही, मीही त्यांच्यातलाच. घरभाडं, पगार, डॉक्टरची वेळ न मिळणं, हे राग खोटे नव्हते. पण त्यातला कितीसा ब्रसेल्सचा, म्हणजे युरोपीय संघाचा होता? माझंच घ्या. आईला अडवणारा 2012 चा नियम युरोपने केला नव्हता, तो लंडनने केला होता आणि लंडन तो कधीही बदलू शकत होतं. मी ज्याच्यावर राग काढला, त्याचा त्यात हातच नव्हता. 2021 पासून व्हिसासाठी युरोपीय आणि आपण एका रांगेत आलो हे खरं. माझा भाचा शिकून दोन वर्षं काम करायला राहिला, हेही खरं. पण व्हिसावर येणाऱ्याला भरावा लागणारा आरोग्य अधिभार 2015 मध्ये वर्षाला 200 पौंड होता, तो 2024 मध्ये 1,035 झाला. कामाच्या व्हिसासाठी पगाराची अट त्याच वर्षी 38,700 पौंडांवर गेली. आई शेवटपर्यंत सावंतवाडीतच राहिली.

विदर्भ असो, बेळगाव असो, परप्रांतीयांचा प्रश्न असो, "एकदा सरळ जनमत घ्या" असं आता घरी कुणी म्हटलं की मी आधी विचारतो, मत कुणाकुणाला? आमच्याकडे देवळात देवाला पाकळ्या चिकटवून गावाचा कौल लावतात तेव्हा मानकरी जमल्याशिवाय गाऱ्हाणं सुरू होत नाही. ज्याच्या घरावर निकाल पडणार, तो देवळाबाहेर उभा आणि आत आम्ही पाकळी कुठल्या बाजूची पडते ते बघतोय, असं 2016 मध्ये झालं.

2019 च्या पावसाळ्यात आईला बांबोळीला ठेवलं होतं. मी पोहोचेपर्यंत दोन दिवस शेजाऱ्याची बहीण मडगावहून पेज घेऊन तिच्याकडे जात होती. मी परत आलो, त्याच आठवड्यात तो संध्याकाळी शॉर्टब्रेडचा पत्र्याचा डबा घेऊन माझ्याकडे आला. डब्यात कागद. युरोपीय नागरिकांना इथे कायम राहण्याचा हक्क आता अर्ज करून मिळवायचा होता, मुदत पुढे 30 जून 2021 ठरली. त्याचा स्वतःचा करभरणा नोंदीत होता. बायको मुलांसाठी घरी राहिलेली, तिच्या नावावर पगाराची एकही पावती नव्हती. पाच वर्षं ती इथेच होती हे तिला कौन्सिल टॅक्सच्या बिलांनी आणि डॉक्टरच्या पत्रांनी सिद्ध करायचं होतं. आम्ही महिन्यांप्रमाणे ढीग लावले. पासपोर्टमधली चिप वाचायला फोन तिच्या पासपोर्टवर टेकवला, दोनदा वाचला गेला नाही, तिसऱ्यांदा वाचला.

तेव्हा मी त्याला सांगितलं, मी फुली कुठे मारली होती ते.

तो बराच वेळ हातातल्या बिलाकडे बघत राहिला. "मत घालच्या आधी एकदा मला विचारायचंस," एवढंच म्हणाला. मग ते बिल नोव्हेंबर 2014 च्या ढिगावर ठेवलं आणि डिसेंबरचं शोधायला लागला.