‘प्रायॉरिटी ९ दिली तरी काम तळाशीच, फसवं अ‍ॅप’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या कामांच्या यादीच्या अ‍ॅपमध्ये नोंदवूनही वीजबिल भरायचं राहिलं आणि तुम्हाला भुर्दंड बसला, याचं खरंच वाईट वाटलं. झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. पण ‘फसवं’ हा शब्द मनाला लागला, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्ही जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये वीजबिलाला प्रायॉरिटी (प्राधान्य) ९ दिलीय. हा आकडा रांगेतल्या नंबरासारखा वाचायचा असतो: १ सगळ्यात आधी, ९ सगळ्यात शेवटी, ० म्हणजे काहीच ठरवलेलं नाही. ही आमच्या मनाची पद्धत नाही. कॅलेंडर अ‍ॅप्स ज्या आयकॅलेंडर मानकावर चालतात (आरएफसी ५५४५ हा इंटरनेट मानकांचा दस्तऐवज, २००९), त्यातच १ ते ४ उच्च, ५ मध्यम, ६ ते ९ कमी असं दिलंय. आयफोनचं रिमाइंडर्स हे अ‍ॅपही हेच धरतं. आम्ही आकडे उलटे केले, तर दोन्ही अ‍ॅप्समधल्या नोंदी जुळल्यावर (सिंक) तुमची निकडीची कामं रिमाइंडर्समध्ये ‘लो’ म्हणजे कमी प्राधान्याची होऊन बसतील. आमच्या मदत पानावर हा खुलासा अगदी वरच आहे.

आता तुमच्या रिव्ह्यूत न आलेली गोष्ट. त्याच स्क्रीनशॉटमध्ये तारखेचा रकाना रिकामा आहे. प्रायॉरिटीने सूचना येत नाही. सूचना येते तारीख आणि वेळ टाकल्यावर. शिवाय तुमची यादी ‘आधी तारीख, मग प्रायॉरिटी’ अशी लावलेली आहे. म्हणजे १ दिला असता तरी बिनतारखेचं बिल तारखेच्या कामांखालीच गेलं असतं. आणि इतर जवळजवळ सगळ्या कामांनाही ९च दिसतोय. सगळ्यांना एकच आकडा दिला की अ‍ॅपने निवडायचं कशावरून?

काम उघडून मुदतीच्या तीन दिवस आधीची तारीख आणि सकाळची वेळ टाका, प्रायॉरिटी १ करा. काम दर महिन्याला आपोआप लावणाऱ्या ‘दरमहा’ पर्यायावर विसंबू नका, बिलाची मुदत पुढेमागे होते, बिल आलं की तारीख बदला. १ फक्त अशा दोन-तीन कामांना ठेवा, जी चुकली तर पैसे जातील किंवा शब्द मोडेल.

आकड्याशेजारी ‘उच्च’, ‘कमी’ असे शब्द दाखवायचं पुढच्या एखाद्या अपडेटमध्ये बघतोय. आमची टीम लहान आहे, एक स्टार पाहून नवीन माणूस इन्स्टॉलच करत नाही. वरचे बदल करून बघा. तरी नाही जमलं तर मदत विभागात लिहा, वर्षाच्या वर्गणीचे पैसे परत करू.