‘तेव्हा कुठे होतात?’ असं विचारणाऱ्यांसाठी

हार्टफर्ड व्हेलर्स या आमच्या जुन्या आइस हॉकी संघाचं नाव निघालं की एक प्रश्न हमखास येतो. बोस्टनचा कुणी असेल तर हसत विचारतो, नॉर्थ कॅरोलायनाचा असेल तर जरा चिडून: एवढं प्रेम होतं तर तेव्हा कुठे होतात? संघ १९९७ मध्ये हार्टफर्ड सोडून नॉर्थ कॅरोलायनाला गेला, त्याला पाव शतक उलटून गेलं. तरी आमच्या कनेक्टिकट राज्यात लोक अजून संघाचं बोधचिन्ह असलेली, देवमाशाच्या शेपटीची टोपी घालून किराणा आणायला जातात. बाहेरच्यांना वाटतं, असताना किंमत नव्हती आणि आता गळे काढतायत.

मला हा आरोप मान्य नाही. आज सुट्टी आहे, बाहेर बर्फ आहे, तेव्हा जरा सविस्तर भांडतो.

पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी आधी थोडं सांगायला हवं. हा हॉकी म्हणजे ध्यानचंदांचा नाही, बर्फावरचा. हार्टफर्ड म्हणजे न्यूयॉर्क आणि बोस्टन यांच्या बरोबर मधलं, विमा कंपन्यांचं गाव. एटना, ट्रॅव्हलर्स, द हार्टफर्ड, सगळ्या इथल्याच. इथे एवढी मराठी माणसं कशी, तर या कंपन्यांच्या मेनफ्रेम नावाच्या अवाढव्य संगणकांमुळे. त्यावरची कोबोल ही भाषा येणारा पोरगा पुण्यातून उचलायचा आणि थेट हार्टफर्डच्या बर्फात आणून सोडायचा, असा तो काळ. मीही तसाच १९९४ च्या हिवाळ्यात येऊन पडलो. संध्याकाळी पाचला अंधार, साडेपाचला डाउनटाउन रिकामं. ऑफिसातले सगळे गाड्या काढून आपापल्या उपनगरात पसार. ज्या संध्याकाळी व्हेलर्सचा सामना असेल तेवढ्याच संध्याकाळी रस्त्यावर माणसं दिसायची. मला हॉकीचं ओ की ठो कळत नव्हतं. मी माणसं बघायला गेलो होतो, हे खरं.

तेही लगेच नाही, कारण त्या वर्षी लीगमध्ये मालक आणि खेळाडूंचं भांडण होऊन टाळेबंदी झाली होती, हंगाम जानेवारी १९९५ मध्ये सुरू झाला. सिव्हिक सेंटर म्हणजे मॉलच्या पोटात बांधलेलं स्टेडियम. दुकानांमधून सरकत्या जिन्यानं वर जायचं आणि एका दारातून आत शिरलं की एकदम थंडीचा झोत. टीव्हीवर न कळणारी एक गोष्ट तिथे पहिल्या मिनिटात कळते, ती म्हणजे आवाज. स्केट्सचं पातं बर्फात वळताना होणारी करकर, आणि ती रबरी चकती काचेवर आदळली की दचकायला लावणारा फटाक. मध्यंतरात झांबोनी नावाचं गाडं बर्फावरून संथपणे फिरतं, खरवडलेला बर्फ पोटात घेतं आणि मागे पाण्याचा पातळ थर सोडत जातं. सगळं मैदान पुन्हा आरशासारखं होतं. माझ्या शेजारचा गृहस्थ खेळापेक्षा ते जास्त मन लावून बघायचा.

हा शेजारचा गृहस्थ महत्त्वाचा. विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेला, अबोल. पण संघाचा इतिहास निघाला की थांबायचा नाही. त्याच्याकडूनच मला १९७८ कळलं. त्या वर्षी १८ जानेवारीच्या पहाटे सिव्हिक सेंटरचं छप्पर बर्फाच्या भारानं कोसळलं. सुमारे १४०० टनांचं. काही तास आधी त्याच छपराखाली कॉलेजच्या बास्केटबॉलला जवळपास पाच हजार माणसं बसली होती! एकालाही खरचटलं नाही. ते छप्पर संगणकावर गणित मांडून डिझाइन केलं होतं, तेव्हा ही मोठी नवलाई होती. बांधकामातच ते अपेक्षेपेक्षा जास्त वाकलेलं दिसलं होतं, कुणी तसं सांगितलंही होतं, पण गणितावर विश्वास ठेवून पुढे गेले. आमच्या धंद्यातल्या प्रत्येक नव्या पोराला मी ही गोष्ट सांगतो.

तर छप्पर गेल्यावर संघाला शेजारच्या मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला हलावं लागलं, ते थेट फेब्रुवारी १९८० पर्यंत. हार्टफर्डहून साधारण ४० किलोमीटर, आंतरराज्य महामार्ग ९१ वरून. आणि हे लोक जात राहिले. हिवाळ्यात, कामाच्या दिवशी, रात्री परत. त्यांना ‘९१ क्लब’ असं नावच पडलं. माझा शेजारी त्यातला. त्याला कुणी विचारावं, तेव्हा कुठे होतात म्हणून. महामार्ग ९१ वर होतो, म्हणेल.

त्याच हंगामात, १९७९-८० ला, व्हेलर्स एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या हॉकी लीगमध्ये आले. आणि त्या संघात गॉर्डी हाऊ नावाचा ५१ वर्षांचा माणूस खेळत होता. प्रशिक्षक म्हणून नाही, खेळाडू म्हणून. पूर्ण ८० सामने, १५ गोल. सोबत संघात त्याचे दोन मुलगे, मार्क आणि मार्टी. ५१ व्या वर्षी आपण जिना चढताना कठडा धरतो. हॉकीतला सर्वांत मोठा खेळाडू कोण, याची यादी काढली तर पहिल्या दोन-तीन नावांत जो येतो, त्याचा शेवटचा हंगाम या गावानं पाहिला. आठवणी काढायला हे पुरेसं नाही का?

आता कबूल करण्यासारखी बाजू सांगतो, कारण नाहीतर तुम्हीच सांगाल. संघ फार जिंकत नव्हता. एनएचएलच्या १८ हंगामांत बाद फेरीतली एकच मालिका जिंकला. १९८६ मध्ये क्वेबेकला सरळ तीन सामन्यांत हरवलं आणि पुढे माँट्रियलशी सातव्या सामन्यात, तोही जादा वेळेत, क्लोड लेम्यूच्या गोलवर हरले. माँट्रियल पुढे लीगचा स्टॅन्ले चषक जिंकलं. आणि दुसऱ्या फेरीत हरून आलेल्या आपल्या संघाची हार्टफर्डनं मिरवणूक काढली. बाहेरचे आजही यावर हसतात. बारावीला साठ टक्के मिळाले म्हणून पेढे वाटणाऱ्या घरासारखं आहे ते, आणि मला तसली घरं आवडतात.

दुसरी गंमत अशी की इथून जो गेला त्यानं चषक उचलला. रॉन फ्रान्सिस हा या संघाचा जीव. मार्च १९९१ मध्ये त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं. पिट्सबर्ग त्याच वर्षी जिंकलं, पुढच्याही वर्षी. माझ्या शेजाऱ्याला या एका विषयावर बोलतं करायची माझी कधी हिंमत झाली नाही. ब्रेंडन शानाहान १९९६ च्या ऑक्टोबरात डेट्रॉइटला गेला आणि त्या मोसमाच्या अखेरीस चषक हातात. ख्रिस प्राँगर खूप उशिरा जिंकला, पण जिंकला. शेवटी अख्खा संघच इथून गेला आणि २००६ मध्ये कॅरोलायना हरिकेन्स म्हणून चषक जिंकला! त्या संघातला ग्लेन वेस्ली हार्टफर्डच्या काळातला. इथल्या लोकांनी टीव्हीवर त्याला तेवढं शोधलं आणि टीव्ही बंद केला.

१९९६ च्या थंडीत आई पुण्याहून आली होती. दोन स्वेटर, वर शाल, कानाला मफलर अशा थाटात तिला सामन्याला नेलं. दुसऱ्या सत्रात दोघं हातमोजे टाकून भिडले. आई माझा दंड धरून म्हणाली, “अरे, ते पट्ट्यापट्ट्यांचे शर्टवाले पंच ना? मग सोडवत का नाहीत?” मी सांगितलं की ते पडेपर्यंत थांबतात, मग पाच मिनिटं बाहेर बसवतात. “पाच मिनिटं? तुझे बाबा तुला यापेक्षा जास्त वेळ उभं करायचे.” हे मी शेजाऱ्याला सांगितलं तर तो इतका हसला की पुढच्या ओळीतल्या चौघांनी वळून पाहिलं. मग त्या चौघांनाही सांगावं लागलं. पुढे जितक्या वेळा गेलो तितक्या वेळा त्यातलं कुणीतरी विचारायचं, “आई कशा आहेत?” अर्थात इंग्रजीत, पण विचारण्याची तऱ्हा सदाशिव पेठेतली.

तर आता मूळ आरोप. जून १९९४ मध्ये पीटर कार्मानोस आणि भागीदारांनी संघ घेतला तेव्हा चार वर्षं इथेच ठेवू असं सांगितलं होतं. (कार्मानोस म्हणजे कॉम्प्युवेअर कंपनीचे संस्थापक. आम्ही मेनफ्रेमवाले दिवसभर त्यांचंच एक्सपीडायटर वापरून बग शोधायचो. टूल झकास होतं, त्याबद्दल तक्रार नाही.) १९९६ मध्ये हंगामाची ११,००० तिकिटं आगाऊ विकली गेली पाहिजेत अशी मागणी झाली. ‘सेव्ह द व्हेल’ म्हणत सगळं राज्य कामाला लागलं आणि साडेआठ हजारांच्या वर तिकिटं विकली गेली. सव्वा-दीड लाख वस्तीचं शहर, सलग काही वर्षं बाद फेरी न गाठलेला संघ, आणि पूर्ण हंगामाचे पैसे आधी भरणारी साडेआठ हजार माणसं. शेवटच्या हंगामात सरासरी प्रेक्षक तेरा हजारांच्या पुढे होते, बसायची जागा साडेपंधरा हजारांची. याला रिकामं स्टेडियम म्हणतात?

नव्या स्टेडियमवरून गव्हर्नर आणि मालक यांच्या वाटाघाटी फिसकटल्या. २६ मार्च १९९७ ला जाहीर झालं की संघ जाणार. कुठे जाणार हे तेव्हा ठरलेलंसुद्धा नव्हतं, ते मे महिन्यात कळलं. एक वर्ष आधी निघण्याची भरपाई म्हणून २ कोटी ५ लाख डॉलर भरले आणि निघाले. आणि गेले कुठे? नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरातलं स्टेडियम तयार नव्हतं म्हणून पहिले दोन हंगाम ग्रीन्सबरोला, तिथून शंभरेक किलोमीटर दूर. पहिल्या हंगामात तिथे सरासरी प्रेक्षक नऊ हजारांच्या आसपास. तेव्हा कुठे होतात, हा प्रश्न मी त्यांना विचारत नाही, कारण नव्या गावात तसं होणारच. फक्त मग आम्हालाही विचारू नका.

१३ एप्रिल १९९७ चा शेवटचा सामना मला तिकिटाअभावी टीव्हीवरच पाहावा लागला. टॅम्पा बेवर २-१ असा विजय, शेवटचा गोल कर्णधार केविन डिनीनचा. सामना संपला तरी माणसं जागची हलेनात. यापलीकडे त्या दिवसाबद्दल मला फार लिहायचं नाही. त्यावर आधीच भरपूर रडून झालंय.

टोपीबद्दल मात्र लिहायचंय. पीटर गुड नावाच्या इथल्याच डिझायनरनं १९७९ मध्ये केलेलं ते बोधचिन्ह: खाली हिरवा डब्ल्यू, वर निळी शेपूट आणि दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत आपोआप दिसणारा एच. माझ्या मुलीनं डिझाइन शिकताना ते पहिल्यांदा नीट पाहिलं आणि मला फोन करून ओरडली, “बाबा, मध्ये एच आहे!” वीस वर्षं घरात ती टोपी खुंटीला होती. विशेष म्हणजे १९९२ मध्ये संघानं रंग बदलून गडद निळा आणि चंदेरी केला होता, त्यामुळे सगळे ज्या हिरव्या जर्सीसाठी जीव टाकतात ती मी मैदानावर कधी पाहिलीच नाही. ‘ब्रास बोनान्झा’ ही गोल झाला की वाजणारी धूनही माझ्या आधीच ब्रायन बर्क या जनरल मॅनेजरनं बंद करवली होती, खेळाडूंना ओशाळं वाटतं म्हणे. ती आता आमच्याकडे कॉलेजच्या सामन्यांत वाजते आणि ज्यांचा जन्मही १९९७ नंतरचा आहे ती पोरं टाळ्या धरतात. यार्ड गोट्स हा आमचा नवा बेसबॉल संघ, त्यांनी रंगच निळा-हिरवा घेतलाय. त्यांच्याकडे उन्हाळ्यात जुने व्हेलर्स सह्या द्यायला येतात तेव्हा रांग लागते.

आणि मग २३ डिसेंबर २०१८. कॅरोलायनानं बोस्टनविरुद्धच्या सामन्यात हिरवी व्हेलर्सची जर्सी घातली. रॅलीमध्ये! ‘ब्रास बोनान्झा’ वाजवलं, दुकानात माल लावला. इथे अर्धे लोक भडकले, अर्ध्यांनी सामना डोळे भरून पाहिला. माझं मत विचाराल तर हक्क त्यांचे आहेत, कायद्यानं बोट ठेवायला जागा नाही. पण वीस वर्षं ज्या इतिहासाकडे ढुंकून पाहिलं नाही तो टी-शर्ट खपायला लागल्यावर आपला कसा झाला? एक सामना हार्टफर्डला येऊन खेळा त्या जर्सीत, सरावाचा का होईना. तिकिटं किती वेळात संपतात तेही बघा. शेजारचे गृहस्थ आता नाहीत, पण त्यांच्या वाटच्या दोन जागांचे पैसे मी भरतो.

नवा संघ येईल अशा बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतात. अ‍ॅरिझोनाचा संघ हलणार म्हटल्यावर २०२३ मध्ये आमच्या गव्हर्नरांनीही हात वर केला होता. तो गेला युटाला. मला स्वतःला नवा संघ यावा असं फारसं वाटत नाही. आला तर जाईन, पण तिकीट आता आमच्या खिशाला झेपेल असं दिसत नाही.

हार्टफर्ड, रॉकी हिल, साउथ विंडसरकडच्या जुन्या मराठी मंडळींपैकी कुणाकडे सिव्हिक सेंटरच्या आतले फोटो असतील तर टाका, मॉलचा सरकता जिना दिसत असेल तर आणखी उत्तम. कॅरोलायनाचे कुणी वाचत असाल तर वाद घालायला जरूर या. फक्त २००६ चा चषक मध्ये आणायचा नाही, तेवढी अट आहे.