पंचेचाळिसावा

हिवाळी ऑलिंपिकचा विषय निघाला की घरच्या ग्रुपवर माझ्या मामेभावाला एकच गोष्ट आठवते. २०२२ला बीजिंगमध्ये आपला आरिफ खान जायंट स्लालममध्ये, म्हणजे झेंड्यांमधून वळणं घेत उतार उतरण्याच्या स्की शर्यतीत, पंचेचाळिसावा आला होता. परवा पुन्हा तेच. "१४० कोटींचा देश, एकच खेळाडू, नंबर ४५. सरकारी खर्चाने सहल!" खाली सात जणांचे हसरे चेहरे. त्यात माझी आत्याही.

हा गृहस्थ सिंहगडावर गाडीने जातो, पिठलं-भाकरी खातो आणि गाडीनेच उतरतो.

इथे नॉर्वेत, ओस्लोला, मी चौतिसाव्या वर्षी पहिल्यांदा स्की बांधल्या, तेही सोंगस्वान तळ्याजवळच्या सपाटीवर. बालवाडीची पोरं शेजारून सूं करून जात होती आणि मी बसकण मारलेल्या जागेवरून "हाय हाय" करत होतो. आजही स्कीच्या तळाला चिकट क्लिस्टर लावायचं की निळं वॅक्स, हे बायकोला विचारतो. बीजिंगच्या त्या शर्यतीत बर्फ असा कोसळत होता की सुरुवात केलेल्यांपैकी जवळपास निम्मे शेवटपर्यंत पोचलेच नाहीत. आरिफ दोन्ही फेऱ्या उभा राहून खाली आला. गुलमर्गला स्कीचं दुकान असलेल्या बापाचा मुलगा. पात्रतेसाठी त्याने स्वतःचं लग्न पुढे ढकललं होतं. म्हणे सहल.

इथे मुलीच्या क्लबात अकरा वर्षांखालच्यांचे नंबर लावतच नाहीत, सगळ्यांना सारखंच पदक. तिचा खण भरलाय. पालकांनी दुगनादला, म्हणजे श्रमदानाला, वाफल विकायचे, ट्रॅकवर झेंड्या रोवायच्या. आणि हाच ५५ लाखांचा देश, आपल्या पुणे-पिंपरीपेक्षा लहान, बीजिंगहून १६ सुवर्णपदकं घेऊन आला. दारात बर्फ आहे त्यांच्या, कबूल. पण ग्रुपवर मी एवढं कबूल करत नाही.

तिथे मी शिवा केशवनचं नाव काढतो. मनालीजवळच्या वशिष्ठचा हा पोरगा हिमालयातल्या घाटरस्त्यावर चाकांच्या स्लेजवरून ल्यूजचा, म्हणजे बर्फाच्या ट्रॅकवरून स्लेजवर उताणं झोपून घसरण्याच्या शर्यतीचा, सराव करायचा, समोरून ट्रक, मध्ये मेंढ्या. १९९८ ते २०१८, सलग सहा ऑलिंपिक. २०१४ला सोचीत सरावात तो भर वेगात स्लेजवरून पडला आणि घसरता घसरताच पुन्हा चढून बसला. शर्यतीत मात्र तिरंगा नव्हता, कारण आपली ऑलिंपिक संघटना निलंबित होती. तो उतरल्यावर दोन-तीन दिवसांत निलंबन उठलं. मामेभाऊ यावर अंगठा टाकतो आणि क्रिकेटकडे वळतो.

बीजिंगचं उद्घाटन त्याने पाहिलंच नसणार. गलवानच्या चकमकीतल्या सैनिकाच्या हाती चीनने मशाल दिली, म्हणून दूरदर्शनने ते दाखवलं नव्हतं. मी मात्र पाहिलं. शुक्रवार होता, ऑफिस नुकतंच पुन्हा उघडलं होतं आणि जेवणघरातला टीव्ही चालू होता. तिरंगा घेऊन आरिफ आला, मागे मोजके अधिकारी. शेजारच्याने ब्राउन चीजचा तुकडा कापता कापता विचारलं, "एकच खेळाडू?" आवाजात कुचेष्टा नव्हती, नुसतं आश्चर्य.

"आमच्याकडे बर्फच नसतो ना," मी म्हणालो. हसूनसुद्धा दाखवलं.

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे केबल कार, जवळपास ४,००० मीटरपर्यंत जातो. हनिमूनला बसलोय आम्ही त्यात. भाड्याचे गमबूट घालून, गुडघाभर बर्फात काढलेला फोटो आमच्या ओस्लोच्या दिवाणखान्यातच लावलाय.