लघवीचा रिपोर्ट आणि व्हॉट्सॲपवरचं किडनी-ज्ञान

परत तोच मेसेज फिरतोय: "लघवीत प्रोटीन किंवा पस सेल्स आले म्हणजे किडनी गेली, डाळी आजच बंद करा, रोज 5 लिटर पाणी प्या, पण क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर बिनधास्त राहा." (क्रिएटिनिन म्हणजे किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ.) नको तिथे घाबरवलंय आणि घाबरायचं तिथे झोपवलंय.

पस सेल्सचं, म्हणजे लघवीतल्या पांढऱ्या पेशींचं म्हणाल तर ते बहुतेक वेळा इन्फेक्शनचे असतात, आणि सोबत एपिथेलियल सेल्स (त्वचेच्या, आतल्या अस्तराच्या पेशी) पण भरपूर असतील तर सॅम्पलच नीट घेतलेलं नसतं. पहिली धार सोडून मधली डबीत धरायची असते, पण लॅबवाला नुसती डबी हातात देतो. जळजळ, ताप असेल तर कल्चर (कुठले जंतू आहेत ते बघायची टेस्ट) करा, विषय संपला.

प्रोटीन 1+ आलं? ताप असताना, जिममधून घाम गाळून आल्यावरपण येतं. बरं वाटल्यावर सकाळच्या पहिल्या लघवीवर एसीआर करा, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिनचा रेशो. mg/g मध्ये 30 च्या खाली ठीक, 30 ते 300 म्हणजे गळती सुरू झालीये, 300 च्या वर म्हणजे जास्तच. आणि 3 महिन्यांनीपण तसंच असेल तर मग ते क्रॉनिक, म्हणजे जुनाट धरतात, एका रिपोर्टवर नाही.

आता बिनधास्तवाला मुद्दा, मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो. क्रिएटिनिन उशिरा वाढतं, निम्मी किडनी कामातून जाईपर्यंत आकडा नॉर्मल दिसू शकतो, आणि शुगरवाल्यांमध्ये अल्ब्युमिन बहुतेकदा त्याच्या कितीतरी आधी झिरपायला लागतं, तेपण इतकं थोडं की लघवीत बुडवायच्या साध्या पट्टीवर दिसत नाही. म्हणून टाइप 2 डायबेटिस असेल तर निदान झाल्यापासून दरवर्षी एसीआर करायचाच, कारण या स्टेजला सापडलं तर बीपी-शुगर कंट्रोल आणि गोळ्यांनी गळती कमी करता येते. प्रोटीनसोबत आरबीसी (रक्ताच्या लाल पेशी), चेहऱ्यावर सूज, बीपी वाढलेलं असं एकत्र दिसलं तर मात्र थांबू नका, लगेच नेफ्रोलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर गाठा.

डाळीचं काय? लघवीत येतं ते वाटीतल्या वरणाचं प्रोटीन नाही हो, किडनीच्या गाळणीतून निसटलेलं रक्तातलं अल्ब्युमिन आहे. आजारानुसार प्रोटीनचं प्रमाण डॉक्टर ठरवतात, सरसकट बंद केलं तर अशक्तपणाच येणार.

आणि 5 लिटर पाणी? पायावर सूज असलेल्या किंवा डायलिसिसवाल्या पेशंटला डॉक्टर पाणी मोजून द्यायला सांगतात, तो हा मेसेज वाचून तांब्यावर तांबे प्यायला लागला तर धाप लागून रात्री अ‍ॅडमिट करायची वेळ येते.