आजीच्या ‘सुखाच्या’ संसाराबद्दल

नमस्कार ताई,

आजीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “चौदाव्या वर्षी लग्न, नवरा मुंबईत, शेत-गुरं-सासू सगळं हिच्या माथी. याला ६१ वर्षांचा सुखाचा संसार म्हणणं म्हणजे बाईच्या सोसण्याची आरती ओवाळणं. तिला कधी विचारलंत का?”

पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. आजीला जाऊन अजून फार दिवस झालेले नाहीत. पण दोन दिवस तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

वयाचं तुम्ही म्हणता ते खरं. लग्न १९४८ चं. १९२९ च्या शारदा कायद्यात मुलीचं किमान वय चौदाच होतं. पुढच्याच वर्षी ते पंधरा झालं आणि अठरा व्हायला १९७८ उजाडलं. कायद्यात बसलं म्हणून ते योग्य होतं असं मी म्हणणार नाही. तिला कोणी विचारलं नव्हतं.

‘नवरा मुंबईत’ यावर मात्र थोडं थांबायला हवं. आजोबा गिरणीत होते आणि लालबागला गावकऱ्यांच्या गाळ्यात राहायचे. एका खोलीत वीस-पंचवीस पुरुष, पाळीप्रमाणे झोपणारे. एकाची वळकटी उचलली की दुसऱ्याची पसरायची. तिथे बायकोला आणायचं कुठे? जेवण खानावळीत, म्हणजे तेही कुणा दुसऱ्या बाईच्या कष्टावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. गिरण्या चालल्या त्या गिरणगावातल्या आणि गावाकडच्या अशा दोन्हीकडच्या बायकांच्या जिवावर, हे माझ्या लेखात यायला हवं होतं. आलं नाही.

आजोबा शिमग्याला किंवा मे महिन्यात आगबोटीने देवगडला उतरायचे. पावसाळ्यात आगबोटी बंद, आणि शेतीचं मुख्य काम नेमकं तेव्हाच. पावसाआधी जमीन भाजायची, त्या भाजावळीपासून लावणीपर्यंत सगळं आजी बघायची. नांगराला पैऱ्याने (कामाच्या बदल्यात काम देऊन) माणूस मिळवणं, बैल, बी, देणी-घेणी, सगळं. महिन्याला मनिऑर्डर यायची. तिला वाचता येत नव्हतं. अंगठा उठवायचा, त्याला साक्षीदार लागायचा, आणि फॉर्मखालच्या बोटभर जागेतला मजकूर पोस्टमन पडवीत सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा. पस्तीस वर्षं नवऱ्याचा प्रत्येक शब्द तिला परक्या माणसाच्या तोंडून ऐकावा लागला. आजोबा तरी त्यात काय लिहिणार? ‘खुशाल आहे, गुरांकडे लक्ष दे.’

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यांतले कितीतरी गिरणीत परत गेलेच नाहीत. आजोबा त्यांतलेच. १९८३ मध्ये ते कायमचे गावी आले तेव्हा आजी एकोणपन्नास वर्षांची होती. दोघांचं सलग एकत्र राहणं तिथून सुरू झालं. हिशेब केला तर ६१ वर्षांतली जेमतेम सव्वीस त्यांनी एका छपराखाली काढली. आणि हा काळ सोपा नव्हता, हे मी लेखात टाळलं. आजोबा पहाटे पाळीच्या वेळेला दचकून उठायचे. घरातला आपला शब्द शेवटचा असं धरून चालायचे, आणि ते घर त्यांच्यावाचून पस्तीस वर्षं चाललेलं. एकदा त्यांनी बैल विकायचं ठरवलं. आजीने गोठ्याच्या दारात पाट टाकला आणि गिऱ्हाईक परत जाईपर्यंत ती तिथून उठली नाही. दोघं आठ दिवस एकमेकांशी बोलली नाहीत. बैल राहिले.

आता तुमचा मुख्य प्रश्न. हो, विचारलं होतं. फार उशिरा, २०१६ मध्ये, आजोबा जाऊन सात वर्षं झाल्यावर. ‘आजी, सुखात होतीस काय गो?’ ती कुळीथ पाखडत होती. म्हणाली, “वर्षाचे वीस दिस तो माझो, बाकी गिरणीचो. सुख काय ता माका म्हायत नाय. पण घर माझां होतां.”

तुम्हाला यात सोसणं ऐकू येईल. मलाही येतं. पण शेवटचं वाक्य ती ज्या आवाजात बोलली तो सोसणाऱ्या बाईचा आवाज नव्हता. तिला नुसती बिचारी ठरवलं, तर गोठ्याच्या दारात बसलेली बाई कुठे जाते? तुमचं एवढंच मला पटत नाही.

आणि तरीही, ज्या घराला ती ‘माझां’ म्हणाली त्याच्या सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं ते आजोबा गेल्यावर, वारस म्हणून. उतारा आणला त्या दिवशी तिने मला नाव दाखवायला सांगितलं. मी बोट ठेवलं. तिने ते बाजूला करून स्वतःचं बोट तिथे ठेवलं आणि बराच वेळ तसंच राहू दिलं. हे मी लेखात लिहिलं नव्हतं, कारण लिहिलं असतं तर ‘सुखाचा’ हा शब्द तिथे टिकला नसता.

तो शब्द मी आज लेखातून काढला आहे. ‘६१ वर्षांचा संसार’ तेवढं ठेवलं आहे.