डाळ बंद करून टीबीचा जंतू उपाशी मरत नाही

माझ्या वन्सं कोपरखैरण्याला राहतात. त्यांच्या मुलाचा टीबीच्या औषधांचा दुसरा महिना चालू आहे. परवा गेले तर पोरासमोर नुसती पेज! हातातलं स्टीलचं कडं कोपराकडे सरकत होतं. डाळ, अंडी, दूध तीन आठवडे बंद. का, तर सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला: 'टीबीचा जंतू अमिनो आम्लांवर जगतो, प्रथिनं बंद करा, तो उपाशी मरेल. आर्जिनिनची पावडर घ्या. खोकला थांबला की गोळ्या सोडा. भांडी वेगळी ठेवा.'

उपाशी मारण्याच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. हा डाव शरीर स्वतःच टाकतं. जंतूंशी लढणाऱ्या टी पेशी इंटरफेरॉन गॅमा हा इशारा देणारा पदार्थ सोडतात, मग आयडीओ नावाचं विकर (एन्झाइम) ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांची एक वीट, तोडून टाकतं. क्लॅमिडियासारखा जंतू त्यानं उपासमारीला लागतो. टीबीचा नाही लागत! तो ट्रिप्टोफॅन स्वतःच बनवतो, हे २०१३ सालीच 'सेल' या नियतकालिकात आलंय. आपल्याला मात्र ते बनवता येत नाही, अन्नातूनच मिळवावं लागतं. मग डाळ काढल्यावर उपाशी कोण राहिलं? पोरगाच ना?

झारखंडमधला 'रेशन्स' अभ्यास २०२३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. रुग्णाच्या घरच्यांना दरमहा माणशी ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, तर त्यांच्यातलं टीबीचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत ५ टक्के वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. आणि आमच्या घरी त्याच दोन महिन्यांत पेज!

आर्जिनिन हेही अमिनो आम्लच, म्हणजे मेसेज स्वतःलाच खोडतो. जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी त्यापासून जंतू मारायला नायट्रिक ऑक्साइड करतात, हे खरं. पण इंडोनेशियात तिमिकाच्या रुग्णांना औषधांसोबत आर्जिनिन देऊन पाहिलं, फायदा दिसला नाही.

गोळ्या मध्येच सोडल्या तर उरलेले जंतू पुन्हा उठतात, औषधाला दादही देईनासे होतात. सहा महिने म्हणजे सहा महिने. आणि टीबी हवेतून पसरतो, ताटवाटीतून नाही.

टीबीच्या रुग्णांसाठीच्या सरकारी निक्षय पोषण योजनेत खाण्यासाठी दरमहा १००० रुपये मिळतात. वन्संनी त्यातून पावडरचा डबा आणला होता. काल मी मूगडाळ आणि अंड्यांचा ट्रे देऊन आले. भाच्यानं माझ्यासमोर दोन अंडी खाल्ली.